चौकटीबाहेरच्या चपला

गेल्या हिवाळ्यात आमच्या सोलापुरात हौशी छायाचित्रकारांच्या एका मंडळाने प्रदर्शन भरविले होते. मंडळाचे सभासद कोणी बँकेत, कोणी वीज खात्यात, कोणी औषधाच्या दुकानात. रविवारी पहाटे कॅमेरे गळ्यात अडकवून बाहेर पडायचे, महिन्यातून एकदा एकत्र बसून एकमेकांची चित्रे पाहायची आणि कोणते चित्र कसे साधले ते मोकळेपणाने सांगायचे, असा त्यांचा शिरस्ता. आम्हीही चार वर्षांपूर्वी कोणाचा तरी वापरलेला कॅमेरा विकत घेऊन या नादाला लागलो आहोत. त्यामुळे शाळा सुटताच आवर्जून गेलो.

भिंतीवरच्या सगळ्या चित्रांत एका चित्रासमोर सर्वांत जास्त गर्दी होती. दर्ग्याच्या पायरीवर बसलेली बुरख्यातील एक वृद्ध स्त्री. नकाब वर केलेला. अर्ध्या चेहऱ्यावर सकाळचे तिरपे ऊन, सुरकुत्या शेताच्या सऱ्यांसारख्या उठलेल्या, आणि बाकी सगळीकडे गडद काळोख. चित्र कृष्णधवल होते. खाली नाव लिहिले होते : 'प्रतीक्षा'.

चित्र उत्तम होते, हे आम्ही आधीच कबूल करतो. प्रकाशाची दिशा नेमकी हेरलेली होती. बुरख्याच्या काळ्यात आणि पार्श्वभूमीच्या काळ्यात जो पुसटसा फरक राखायला हवा तो राखलेला होता. नवशिक्याच्या हातून ही दोन्ही काळी एकमेकांत मिसळतात आणि माणूस नुसता तरंगत्या तोंडाचा दिसतो. इथे तसे झाले नव्हते. छायाचित्रकार बाजूलाच उभे होते. साधा, भला माणूस. लोक विचारत होते आणि ते काही न लपवता सांगत होते. लांब पल्ल्याची लेन्स लावली, म्हणजे बाईंना कळले नाही. एक्स्पोजर मुद्दाम कमी ठेवले. मग शेवटची युक्ती सांगितली. "आजूबाजूला चपलांचा फार पसारा होता हो. सगळी नजर तिकडे जायची. डावीकडचे क्रॉप केले आणि खालचे काळे करून टाकले."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावली. अभ्यासवर्गात हेच शिकवतात : जे नजर खेचते आणि विषयाला मदत करीत नाही, ते काढा. घरी परतताना पुलावर आल्यावर एकदम लक्षात आले की या बाईंना आम्ही ओळखतो. दर्ग्यात चपला सांभाळणारी ही खाला. तिचा नातू आमच्या सातवीच्या वर्गात आहे. ती कोणाचीही प्रतीक्षा करीत बसलेली नव्हती. ती कामावर होती, आणि चित्रातून जे काढून टाकले होते ते तिचे काम होते.

या लेखाचे निमित्त एवढेच आहे. परंतु हे त्या एका चित्रापुरते नाही असे वाटल्याने थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

प्रथम हौशी मंडळींच्या बाजूने बोलले पाहिजे, कारण त्यांच्या औदार्याची दखल आपल्याकडे फारशी घेतली जात नाही. धंदेवाईक माणूस आपला मसाला सांगत नाही. जुन्या स्टुडिओत डार्करूमचे दार शिकाऊ पोरालाही सहजी उघडत नसे. हौशी माणसाचे उलटे असते. त्याला जे साधले ते दुसऱ्याला सांगितल्याखेरीज त्याला चैन पडत नाही. छायाचित्रणाची कला १८३९ साली जगापुढे आली आणि पुढच्या पंधरा-सोळा वर्षांतच इंग्लंडमधील हौशी लोक आपली चित्रे आपसात वाटू लागले. १८५५ साली तेथील एका मंडळाने सभासदांच्या ४४ चित्रांचा संग्रह सिद्ध केला. चित्रासोबत ते कोणत्या प्रक्रियेने केले याची टिपणेही दिली होती. म्हणजे चित्र आणि त्याची कृती दोन्ही एकाच ताटात वाढलेली. कोणताही खानसामा असे करणार नाही.

मुंबईही मागे नव्हती. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ ची, मुंबईची १८५४ ची. कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था त्यानंतर दोन वर्षांनी, १८५६ साली निघाल्या. मुंबईच्या संस्थेत इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे आपले लोकही होते. तिकडे लखनौत, वाजिद अली शाह यांच्या काळात, अहमद अली खान उर्फ छोटे मियाँ कॅमेरा हाताळीत होते. १८५७ पूर्वी त्यांनी काढलेल्या, लखनौतील इंग्रज रहिवाशांच्या आणि दरबारी मंडळींच्या तसबिरी आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तस्वीर या शब्दाभोवती आपल्या समाजात जुना संकोच आहे, त्यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत, आणि हजच्या पासपोर्टपासून मुलाच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत फोटोवाचून आज कोणाचे अडतही नाही असे नाही. त्या वादात आम्ही शिरत नाही. एवढेच सांगायचे की ही हौस आपल्याला अगदी परकी नव्हती.

उर्दू माध्यमातल्या माणसाला हौशी मंडळांची ही बैठक पाहिली की आपल्या इस्लाहची परंपरा आठवल्याशिवाय राहत नाही. शागिर्दाने गझल पाठवायची, उस्तादाने ती दुरुस्त करून परत करायची. मिर्झा ग़ालिब आपले शागिर्द मुन्शी हरगोपाल 'तफ़्ता' यांच्याशी टपालाने हाच व्यवहार करीत. तरुण इक़बाल आपल्या गझला दाग़ देहलवींकडे इस्लाहसाठी पाठवीत. मुशायऱ्यातली वाहवा वेगळी आणि इस्लाह वेगळी. वाहवा ऐकून शायर खूश होतो, इस्लाह घेऊन तो तयार होतो. आजच्या हौशी मंडळांत वाहवा उदंड झाली आहे. मोबाइलवर चित्र टाकले की अर्ध्या मिनिटात अंगठे आणि फुले येतात. त्या मानाने महिन्यातून एकदा समोरासमोर बसून 'क्षितिज तिरके आहे', 'डोळा फोकसमध्ये नाही', 'विषय मधोमध आल्याने चित्र बसके वाटते' असे सांगणारी मंडळी आम्हाला इस्लाहच्या अधिक जवळची वाटतात. त्यांच्याकडून आम्ही पुष्कळ शिकलो.

परंतु या दोहोंत एक मोठा फरक आहे आणि तो आम्हाला खालाच्या चित्रामुळे कळला. गझलेतला महबूब कल्पनेतला असतो. महफिलीत उठून 'हा शेर माझ्यावर आहे, यात माझे म्हणून जे आहे ते चुकले आहे' असे म्हणायला तो येत नाही. छायाचित्रातला माणूस पलीकडच्या गल्लीत राहत असतो. चित्राची चर्चा होते तेव्हा काढणारा हजर असतो, पाहणारे हजर असतात, फक्त ज्याचे चित्र आहे तो गैरहजर असतो. हौशी मंडळी चित्र वाटतात, युक्ती वाटतात, लेन्ससुद्धा एकमेकांना वापरायला देतात. या वाटपात चित्रातल्या माणसाच्या वाट्याला बहुधा काही येत नाही.

कोणी म्हणेल, म्हणजे चित्रात फेरफार करूच नये की काय? आमचे तसे म्हणणे नाही. फेरफार ही काही संगणकाची करामत नव्हे, ती या कलेइतकीच जुनी आहे. १८५७ साली ऑस्कर रेलँडर याने तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक भव्य चित्र तयार केले. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन याने पाच निगेटिव्ह जोडून मरणशय्येवरच्या मुलीचे चित्र केले. आजारी मुलगी, बाजूला घरच्या बायका, खिडकीशी पाठमोरा उभा असलेला पुरुष. लोक हळहळले. मुलगी प्रत्यक्षात धडधाकट होती आणि सगळा प्रसंग रचलेला होता हे समजल्यावर पुष्कळांना ते रुचले नाही. आमच्या मते रॉबिन्सनचा गुन्हा असलाच तर अगदी किरकोळ आहे. ती मुलगी आजाऱ्याचे सोंग घेऊन बसली होती आणि आपण सोंग घेतले आहे हे तिला ठाऊक होते. नाटकातल्या नटाला जितके ठाऊक असते तितके. त्या चित्रात कोणाची फसवणूक झाली असेल तर ती पाहणाऱ्याची. जिचे चित्र होते तिची झाली नाही.

याच युक्तीचा दुसरा अवतार पाहा. मुंबईच्या संस्थेच्या संस्थापक-सभासदांपैकी एक विल्यम जॉन्सन. त्याने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईत राहणाऱ्या व येणाऱ्या पौर्वात्य जातीजमातींवर दोन भागांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातल्या पुष्कळ चित्रांत माणसांना एकीकडे उभे करून टिपले आहे आणि मग दुसरीकडे काढलेल्या देखाव्यावर चिकटविले आहे. कारागिरी रॉबिन्सनचीच, हेतू मात्र निराळा. इथे माणूस माणूस म्हणून नाही, नमुना म्हणून उभा आहे. त्याचा पोशाख, त्याची पगडी, त्याची जात आहे, मागे शोभेसा देखावा आहे, फक्त तो स्वतः कोठे राहत होता आणि काय करीत होता ते नाही. खालाच्या पायरीवरचा काळोख आम्हाला त्या चिकटवलेल्या देखाव्यांचा वारसदार वाटतो.

हा भेद एकाच कलावंताच्या कामातही दिसतो. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन ही हौशी छायाचित्रकारांतली मोठीच बाई. जन्म कलकत्त्याचा, १८१५ चा. वयाच्या ४८ व्या वर्षी तिला कॅमेरा भेट मिळाला आणि तिथून तिने जे केले त्याला तोड नाही. तिची चित्रे मुद्दाम धूसर असत, त्यावरून त्या वेळच्या जाणकारांनी तिला नावे ठेवली आणि काळाने त्यांना खोटे पाडले. इंग्लंडमध्ये असताना घरची मोलकरीण मेरी हिलियर हिला ती पुनःपुन्हा मरियमच्या रूपात बसवी. मोलकरीण असूनही मेरी हिलियर हे नाव आज कलेच्या इतिहासात आहे. १८७५ साली कॅमेरॉन कुटुंब सिलोनला गेले आणि १८७९ साली ती तेथेच वारली. तिथेही तिने चित्रे काढली. त्यातले एक प्रसिद्ध चित्र १८७८ चे, त्याचे नाव 'कलुतरा येथील शेतकऱ्यांचा समूह'. कॅमेरा तोच, हात तोच, नजरेतली ताकदही तीच. फक्त इथली माणसे समूह झाली आणि त्यांची नावे गेली. बाईंच्या मनात वाईट होते असे आम्ही म्हणत नाही. नाव विचारण्याची गरज कोठे वाटते आणि कोठे वाटत नाही, याचा हिशेब मनात आपोआप होत असतो. तो तपासावा लागतो.

आपल्या समाजाला हा हिशेब चांगला परिचयाचा आहे. ईदच्या दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र उघडा. टोपी घातलेली दोन लहान मुले गळाभेट घेत आहेत. गेल्या वर्षीही घेत होती, पुढल्या वर्षीही घेतील. हौशी प्रदर्शनांत याच्या जोडीला आणखी तीन-चार साचे ठरलेले असतात. बुरखा आणि कबुतरे. जाळीतून येणारा उजेड आणि कुराण वाचणारा म्हातारा. ओळीने झुकलेल्या पाठी. ही चित्रे वाईट नसतात, कित्येकदा फार सुंदर असतात, आणि काढणाऱ्याच्या मनात बहुधा प्रेमच असते. परंतु यांतल्या कोणालाही हप्ता भरायचा नसतो, कोणाला बस पकडायची नसते, कोणी सातवीच्या नातवाचे दप्तर शिवून देत नसतो. सगळे कायमचे नमाजात, कबुतरांत आणि प्रतीक्षेत. आपल्याला दुष्ट दाखवणाऱ्या चित्रावर आपण चिडतो ते ठीकच आहे. आपल्याला नुसते सुंदर दाखवणारे चित्रही आपल्याकडून काही काढून घेत असते, हे आपल्या लक्षात येत नाही.

स्पर्धांचे नियमही या बाबतीत मोठे बोलके आहेत. फियाप ही १९५० साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संघटना आणि अमेरिकेची पीएसए यांच्या नियमांनुसार जगभर हौशी स्पर्धा होतात, आपल्याकडेही होतात. त्यांच्या निसर्ग विभागात चित्रातली वस्तू हलविणे, जोडणे, पुसणे चालत नाही. चौकट लहान करणे, म्हणजे क्रॉप करणे, मात्र चालते. जिवंत प्राण्याचे हित चित्राहून मोठे मानावे, असेही तेथे बजावलेले आहे. घरट्याशी जाऊन पिलांना त्रास देऊन काढलेल्या चित्राकडे चांगले हौशी लोक आता नाक मुरडतात. ही मोठी चांगली सुधारणा आहे. आम्हाला एवढेच वाटते की सातभाई पक्ष्याच्या घरट्याला जी अदब मिळते ती दर्ग्याच्या पायरीवर बसलेल्या खालालाही मिळावी. आणि चौकट लहान करणे इतके निर्दोष कसे, यावरही कधीतरी मंडळात बोलणे व्हावे. पुसणे ही लबाडी आणि कापणे ही रचना, असे मानायला आम्ही आता तयार नाही.

दुसऱ्याला एवढे बोलल्यावर स्वतःचेही सांगितले पाहिजे. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्या वर्गातला एक मुलगा बाकावर डोके टेकून झोपी गेला होता. खिडकीतून ओला उजेड त्याच्या केसांवर पडला होता. आम्ही चित्र काढले आणि नाव दिले 'निरागस'. मंडळींनी तोंड भरून तारीफ केली. ते चित्र फिरत फिरत मुलांच्या घरच्या मोबाइलवर पोचले आणि पोरे त्याला 'झोपाळू' म्हणून चिडवू लागली. मुलगा निरागस वगैरे काही नव्हता. तो दमलेला होता. रात्री बापाबरोबर यंत्रमागावर कांड्या भरून सकाळी शाळेत आला होता. हे आम्हाला माहीत होते. त्याचे शिक्षक आम्हीच होतो. उजेड चांगला दिसल्यावर ते माहीत असणे दोन मिनिटे बाजूला पडले, आणि तेवढी दोन मिनिटे पुरेशी झाली. आम्ही चित्र काढून टाकले, परंतु फिरलेले चित्र परत येत नाही. मुलगा आठवडाभर आमच्याकडे पाहत नव्हता.

म्हणूनच असेल, 'प्रतीक्षा' पाहून आम्ही स्वस्थ बसू शकलो नाही. छायाचित्रकारांकडून एक प्रत मागून घेतली आणि जुम्म्याच्या नमाजनंतर खालाला नेऊन दाखविली. तिने चष्मा लावला, चित्र उन्हाकडे धरून बराच वेळ पाहिले. चेहरा ओळखला. मग म्हणाली, "मास्टरसाब, चपलां सब किदर गयां? मैं अकेली कायकू बैठी वां?"

आम्ही छायाचित्रणावरची पुस्तके वाचली आहेत, मंडळात चार वर्षे टीका ऐकली आहे. एवढी नेमकी टीका आम्ही ऐकली नव्हती. चित्रातली उणीव तिने एका वाक्यात सांगितली आणि त्या उणिवेचा परिणाम दुसऱ्या वाक्यात. चपला गेल्या म्हणून ती एकटी पडली. तिच्याभोवती सकाळभर शेकडो माणसांची ये-जा असते, मुले तिला सलाम करतात, बायका दोन घटका टेकतात. त्या चपला म्हणजे तिची माणसे होती. एकटेपणा तिच्यात नव्हता, तो कापण्याने तयार झाला आणि मग त्यालाच 'प्रतीक्षा' हे नाव मिळाले.

हे आम्ही छायाचित्रकारांना सांगितले. ते प्रथम नाराज झाले आणि त्यात नवल नाही. मग दोन दिवसांनी त्यांनी आपण होऊन मूळ चित्र आणून दाखविले. न कापलेले, रंगीत. पायरीवर चपलांच्या सहा-सात रांगा, रबरी, चामडी, एक लहान मुलाची लाल. खालाच्या डाव्या हातात पत्र्याचे बिल्ले. ऊन चेहऱ्यावर होते तसेच बिल्ल्यांवरही होते. कापलेल्या चित्रात तो हातच नव्हता. चित्र म्हणून ते थोडे विस्कळीत आहे, नजर एका जागी ठरत नाही, कोपऱ्यात एक प्लास्टिकची पिशवी आहे. तरी आम्हाला तेच मोठे चित्र वाटते, कारण त्यातली बाई काहीतरी करीत आहे. ते म्हणाले, "तुमचे पटते, सर. पण याला कोणी बक्षीस देणार नाही." खरे आहे. त्याला आमच्याजवळ उत्तर नाही.

आमची सूचना साधी आहे. मंडळात चित्र कसे काढले हे सांगताना त्यातल्या माणसाला विचारले होते का, हेही सांगण्याची पद्धत पडावी. काय कापले ते सांगतोच, कापलेले काय होते तेही सांगावे. आणि पहिली प्रत चित्रातल्या माणसाला द्यावी, प्रदर्शनाच्या नंतर नव्हे, आधी. यातून काही चांगली चित्रे हातची जातील. जाऊ द्यावीत. इस्लाहमध्येही पुष्कळ सुंदर शेर कापले जातात, आणि तक्रार शागिर्द करीत नाही.

छायाचित्रकारांनी मूळ चित्राची मोठी प्रत स्वखर्चाने करून दिली. ती घेऊन आम्ही दोघे दर्ग्यात गेलो. खालाने तीतल्या चपला बोटाने मोजल्यासारख्या पाहिल्या, लाल चपलेवर हसली आणि प्रत दुपट्ट्यात गुंडाळून बाजूला ठेवली. मग पिशवीतून 'प्रतीक्षा' काढून छायाचित्रकारांच्या हातात दिले. म्हणाली, "ये तुमीच रखो."